मऊ लाकूड पेटत नाही, नुसता धूर होतो, पाणी तापत नाही: काय काय तपासायचं

ठाण्या-नवी मुंबईच्या गावठाणांत अजून बऱ्याच घरी मागच्या दारी चूल आहे, कुणाकडे आजीच्या वेळचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब आहे, आणि हळद-लग्न असलं की विटांच्या मोठ्या चुली मांडल्या जातातच. या चुली आणि बंब मी वर्षानुवर्षं बघत आलोय, आणि बोलावणं बहुतेक वेळा एकाच कारणासाठी येतं, "दादा, लाकूड पेटतच नाही, नुसता धूर." आणि त्याला जोडून पुढचं वाक्यपण ठरलेलं, "मऊ लाकूड आहे ना, फुकटात मिळालं होतं, तेच नडलं."

पावसात पडलेला गुलमोहर, सोसायटीने छाटलेला सोनमोहर, पांगारा, सावर, शेवगा, पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन, असल्या सगळ्या लाकडाला आपल्याकडे सरसकट "कुचकामी जळण" म्हणतात. मला हे पटत नाही. लाकूड मऊ असणं हा दोष नाही, ओलं असणं हा दोष आहे, आणि मऊ लाकूड चुकीच्या कामाला लावलं की लोक नाव लाकडाला ठेवतात. म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवतो.

लक्षणं

आधी तुमचा त्रास नक्की कुठला ते ओळखा, कारण "पेटत नाही" या एका तक्रारीखाली चार वेगळे बिघाड असतात.

– धूर पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा, आणि जळत्या फाटीच्या दुसऱ्या टोकातून सूं सूं आवाज येत फेस किंवा पाणी बाहेर येतंय. हे ओलं लाकूड, दुसरं काही नाही.

– सुरुवातीला छान पेटतं, मग पाच-दहा मिनिटांत मंदावतं, फुंकणीने फुंकलं की परत पेटतं, सोडलं की परत धूर. इथे बहुतेक वेळा हवा कमी पडतेय, लाकूड बरं असतं.

– भडाभडा पेटतं, धूर फार नाही, पण बघता बघता संपतं आणि मागे निखारा राहतच नाही, नुसती भुरभुरीत राख. हा बिघाड नाहीच, हा मऊ लाकडाचा स्वभाव आहे, यावर उपाय वेगळा, खाली सांगतो.

– टोपाच्या बुडाला किंवा बंबाच्या नळ्यात (मधली नळी, जिच्यात लाकूड जळतं) चिकट, डांबरासारखा काळा थर बसतोय, जो राखेने घासूनपण निघत नाही. ओलं लाकूड, हवा कमी, किंवा दोन्ही.

– धुराला केमिकलसारखा, प्लास्टिकसारखा वास येतोय, घसा खवखवतोय. हे दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, आधी विस्तवातून ते लाकूड बाहेर ओढा, पाणी मारा, आणि मग खालचा "लाकूड आलं कुठून" वाला भाग वाचा.

सगळ्यात आधी राख

याला पैसा लागत नाही म्हणून हेच पहिलं. चुलीतली जुनी राख काढा. बंब असेल तर खालची जाळी मोकळी आहे का ते सळई घालून बघा. पेट्यांचं लाकूड जाळणाऱ्यांच्या बंबात जाळीवर खिळ्यांचा गठ्ठा साठलेला असतो, त्यावर राख बसते आणि खालून हवा यायची बंद होते. लाकूड जळायला हवा खालून आणि बाजूने लागते, वरून फुंकून काम तात्पुरतं होतं.

मऊ लाकडाच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं आहे. मऊ लाकूड तापलं की त्यातून जळणारा वायू एकदम भरपूर निघतो, आणि तो सगळा जळायला तेवढीच भरपूर हवा लागते. हवा कमी पडली की तो न जळताच वर जातो, आणि आपण ज्याला धूर म्हणतो तो बराचसा हाच. म्हणजे डोळ्यात जातो तो धूर हे तुमचं जळणच आहे, पातेल्याला उष्णता न देता निघून चाललेलं. कठीण लाकूड सावकाश वायू सोडतं म्हणून त्याला हवेची थोडी कमतरता चालून जाते, मऊ लाकडाला ती चालत नाही.

एक अजून, चूल तोंडापर्यंत कोंबू नका. दोन-तीन फाट्या, मध्ये बोटभर फट, आणि जळेल तशी आत सरकवत जायची. हळदीच्या मोठ्या चुलीवर पोरं घाईघाईत सगळी लाकडं एकदम घालतात आणि मग मंडपात धूर भरतो.

मग लाकूड हातात घ्या

दोन फाट्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या लाकडाचा आवाज टणक, मोकळा येतो, ओल्याचा दबका, ढब्ब असा. टोकं बघा, वाळलेल्या फाटीच्या टोकाला मधून बाहेर जाणाऱ्या बारीक चिरा असतात आणि साल हाताने सुटते. पण मऊ लाकडात यात एक गोम आहे: सावर, पांगारा मुळातच हलकं असतं, त्यामुळे ओलं असलं तरी हातात "वाळलंय" असं वाटतं. म्हणून नुसत्या वजनावर जाऊ नका. एक फाटी मधोमध फोडा आणि आतली ताजी बाजू गालाला लावा, गार लागली तर आत पाणी आहे.

अजून खात्री हवी असेल तर किचनमधला वजनकाटा घ्या. मधल्या जाडीच्या एक-दोन फाट्यांवर खडूने खूण करा, वजन लिहून ठेवा, आणि दर आठवड्याला तेवढ्याच परत मोजा. वजन उतरत असेल तोवर पाणी निघतंय. उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे वजन तिथेच थांबलं की लाकूड तयार. मॉइश्चर मीटर ऑनलाइन मिळतो, तो वापरायचा असेल तर फाटी आधी फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला टाचण्या रोवा, बाहेरून मोजलं तर ओलं लाकूडपण कोरडं दाखवतं. २० टक्क्यांच्या खाली आलं की जाळायला हरकत नाही.

ओलाव्याने एवढा फरक का पडतो त्याचं गणित सोपं आहे. पूर्ण सुकलेलं लाकूड, मग बाभूळ असो की गुलमोहर, किलोमागे साधारण ४५०० किलोकॅलरी उष्णता देतं. हवेत वाळवलेलं, २० टक्के ओलावा असलेलं लाकूड देतं ३५०० च्या आसपास. आणि ताजं तोडलेलं, निम्मं वजन पाण्याचंच असलेलं लाकूड किलोमागे २००० च्या आतबाहेर. एक किलो पाण्याची वाफ करायलाच साधारण ५४० किलोकॅलरी लागतात, त्या फुकट जातात. पण खरं नुकसान त्याहून मोठं आहे, ते असं की पाण्यामुळे ज्योतच थंड पडते, ज्योत थंड झाली की वायू पूर्ण जळत नाही, आणि वर सांगितलं तसं जळणच धूर होऊन निघून जातं. कागदावरच्या आकड्यापेक्षा चुलीतला तोटा जास्त असतो तो यामुळे.

वरचा ४५०० चा आकडा परत वाचा, कारण सगळा गैरसमज तिथेच आहे. किलोला किलो धरलं तर मऊ आणि कठीण लाकडात फार फरक नाही. फरक आहे तो जागेत. वाळलेल्या बाभळीचा जेवढा ढीग असतो तेवढाच सावरीचा ढीग वजनाला निम्मासुद्धा भरत नाही. म्हणून सावर "टिकत नाही", तुम्ही मुळात चुलीत कमी वजन घातलेलं असतं.

यातून खरेदीचा नियम निघतो आणि तो लक्षात ठेवा: मऊ लाकूड टेम्पोच्या हिशेबाने घेऊ नका, किलोने घ्या. आणि ओलं लाकूड किलोने घेऊ नका, नाहीतर पाण्याचे पैसे द्याल. वखारीत पावसाळ्यात वजनावर घेताना हे हमखास होतं. मऊ आणि ओलं दोन्ही असेल तर फक्त फुकट मिळालं तरच उचला, आणि तेही वाळवायला जागा असेल तरच.

फाटीची जाडी

बंबाचा नळा अरुंद असतो, त्यात मनगटाएवढी फाटी घातली की ती मध्येच अडकते आणि खालचं जळून वरचं लोंबत राहतं. बंबाला अंगठ्याएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या ढलप्या करा. मऊ लाकूड कोयत्यानेपण सहज फुटतं, हा त्याचा मोठा फायदा, बाभळीच्या गाठी फोडताना हात भरून येतात. फक्त सावर, पांगारा ताजा असताना कुऱ्हाड आत रुतून बसते, तो आधी हातभर लांबीचा कापून थोडा सुकू द्या, मग फोडा.

मोठ्या चुलीवर मात्र उलटं. तिथे मऊ लाकडाच्या बारीक ढलप्या घातल्या तर भडका उडतो आणि संपतो, म्हणून तिथे मनगटाएवढं किंवा त्याहून जाड ठेवा, जळायला वेळ लागला पाहिजे.

लाकूड आलं कुठून

हे मी जास्त वेळ घेऊन सांगतो कारण आपल्या भागात हाच खरा धोका आहे. एकीकडे न्हावा शेवा बंदर, दुसरीकडे तळोजा, तुर्भे, रबाळेची एमआयडीसी, त्यामुळे पॅलेट आणि पेट्यांचं लाकूड भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतं. ते बहुतेक पाइन असतं, छान कोरडं असतं आणि पेटतं पण पटकन. पण जाळायच्या आधी त्यावरचा शिक्का शोधा. परदेशातून मालाबरोबर येणाऱ्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि इंग्रजी अक्षरं असतात. एचटी लिहिलं असेल तर ते लाकूड नुसतं उष्णतेने प्रक्रिया केलेलं, आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं, ते चालेल. एमबी लिहिलं असेल तर मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू दिलेला, ते घरात आणू नका. शिक्काच नसेल, तेल किंवा रंग सांडल्याचे डाग असतील, तर सोडून द्या, कारण त्या पॅलेटवर कुठल्या केमिकलचा ड्रम होता ते कोण सांगणार.

प्लायवुड, एमडीएफ, सनमायका लावलेलं जुनं फर्निचर, रंग दिलेली खिडकी, हिरवट झाक असलेलं प्रक्रिया केलेलं लाकूड, यातलं काहीच नाही. प्लाय आणि एमडीएफमध्ये डिंक असतो, तो जळला की फॉर्मल्डिहाइडसारखे वायू निघतात, जुन्या रंगात शिसं असू शकतं, हिरवट लाकडात आर्सेनिक असू शकतं. आणि ही राख लोक तुळशीत नाहीतर भाजीच्या वाफ्यात टाकतात, तेही नको. भाकरी भाजायच्या चुलीत तर याचा एक तुकडापण जाता कामा नये.

खाडीकाठच्या मंडळींसाठी वेगळं सांगतो. जुन्या होडीच्या फळ्या जाळू नका, त्यावर डांबर, रंग, वर्षानुवर्षं मुरलेलं मीठ असतं. मिठाच्या पाण्यातून वाहून आलेलं लाकूडसुद्धा नको, त्यातल्या क्लोरीनमुळे धूर विषारी होतो आणि लोखंडी भट्टीला गंज लागतो. तिवराला, म्हणजे खाडीतल्या खारफुटीला, तर हातच लावायचा नाही. पूर्वी आपल्याकडे तिवर जाळायचे हे खरं, जळण म्हणून ते चांगलंच, पण आता कांदळवन तोडणं गुन्हा आहे आणि खाडी जगायची तर ते राहिलं पाहिजे. येऊरच्या जंगलातल्या लाकडाचंपण तेच, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. आणि कण्हेर ओळखायला शिका, ती पूर्ण विषारी, तिची काडीसुद्धा चुलीत नको.

आपल्या आवारातलं झाड असलं तरी तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ च्या कायद्यापासून हे आहे. जळणासाठी झाड तोडू नकाच, पावसात पडलेलं आणि परवानगीने छाटलेलं एवढं असतं की ते पुरतं.

काम कुठलं आहे

निखारा राहत नाही ही तक्रार असेल तर इथे उत्तर आहे. तांदळाची भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर फुगवायची, वांगं भाजायचं, मटण मंद शिजवायचं, याला बाभूळ, चिंच, आंबा, सुरू असलं जड लाकूडच पाहिजे. पाणी तापवायचं, चहाचं आधण, भाताचं पाणी उकळायचं, चूल पेटवायची, याला मऊ लाकूड जास्त चांगलं, कारण तिथे ज्योत हवी, निखारा नको. बंबाला तर मी वाळलेलं मऊ लाकूडच घालायला सांगतो. सुबाभूळ या दोन्हींच्या मधलं आहे, पारसिकच्या डोंगरापासून रस्त्याच्या कडेपर्यंत ती माजलीय आणि छाटणीत भरपूर मिळते, फक्त वाळवून घ्या.

मोठ्या जेवणाला मिसळून जाळा. खाली दोन जड फाट्या आडव्या, त्यावर मऊ. मऊ लाकडाच्या ज्योतीने जड लाकूड पेटतं, मग जड लाकडाचा निखारा पुढचं मऊ लाकूड धूर न करता पेटवतो. नारळाच्या करवंट्या टाकून देऊ नका, त्यांचा निखारा कडक आणि धूर कमी, मऊ लाकडाच्या जोडीला त्या उत्तम.

एक काळजी पाइनची: त्यात राळ असते, ठिणग्या उडतात. कापडी मंडपाजवळ पाइन नको.

रचून ठेवणं

इथे मेहनत आहे म्हणून इतक्या खाली घेतलं, पण कायमचा इलाज हाच. आपल्याकडे पाऊस संपला की ऑक्टोबरच्या उन्हापासून मेपर्यंत वाळवायचा सीझन. मऊ लाकूड फोडून दिवाळीला रचलं तर होळीपर्यंत तयार होतं, जाड बाभळीला पुढचा अख्खा उन्हाळा लागतो. न फोडता ओंडके तसेच ठेवले तर सालीच्या आत पाणी कोंडून राहतं, वर्ष गेलं तरी.

विटांवर नाहीतर दोन बांबूंवर रचा, जमिनीला टेकवू नका, वाळवी लागते. वरून पत्रा किंवा ताडपत्री, बाजू उघड्या. सगळा ढीग ताडपत्रीत गुंडाळतात ना, त्याने आतला ओलावा बाहेर पडत नाही आणि बुरशी धरते. पावसात आपल्याकडची हवाच इतकी दमट की छपराखालचं कोरडं लाकूडपण परत ओलावा ओढतं, आणि मऊ लाकूड कुजतंपण लवकर, त्याला भुंगा लागतो, भुसा पडतो. कुजलेलं लाकूड नंतर वाळवलं तरी त्यातलं जळण्यासारखं बरंच आधीच गेलेलं असतं. म्हणून मऊ लाकूड जूनच्या आधी संपवून टाका आणि पावसाळ्यासाठी जड लाकूड घरात, छपराखाली ठेवा. माझ्या मते पावसाळ्यातल्या धुराच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतील.

चूल आणि धुराडं

लाकूड कोरडं, राख काढलेली, जाडी बरोबर, तरी धूर तोंडाकडे येतोय, तर आता चुलीकडे बघा. चुलीचं तोंड आणि टोपाचं बूड यात बोटभर तरी फट हवी, टोप चपखल बसला की धूर पुढूनच येणार. टोप ज्यावर टेकतो ते चुलीचे खूर झिजले असतील तर मातीचे गोळे लावून उंच करा. धुराडं असेल तर ते थंड असताना खालून आरसा धरून आतलं बघा, उजेड दिसला पाहिजे. आतला थर कोरडी भुरभुरीत काजळी असेल तर ब्रशने स्वतः काढा. चकचकीत, डांबरासारखा कडक थर असेल तर हात लावू नका, आणि तोवर चूल पेटवूपण नका, तो थर पेटला तर धुराड्यातच आग लागते आणि वरचे वासे पेट घेतात.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

डांबरी थर आणि भेगाळलेलं धुराडं हे गवंड्याचं काम, विटा फोडून परत बांधायला लागू शकतं. धुराड्यातून घरघर असा आवाज येत ज्वाळा बाहेर दिसल्या तर घराबाहेर पडा आणि १०१ ला फोन, पाणी ओतायला वर चढू नका.

चूल किंवा बंब पेटलेला असताना डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटणं, ही कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं. त्याला वास नसतो, रंग नसतो. दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, कुणी बेशुद्ध असेल किंवा भांबावल्यासारखं वागत असेल तर १०८. बंब बंद बाथरूममध्ये कधीच पेटवायचा नाही, धूर दिसत नसला तरी नाही. घरात लहान मूल, दमेकरी किंवा गरोदर बाई असेल आणि चूल आतच असेल, तर लाकूड कितीही कोरडं असलं तरी माझा सल्ला गॅसचा, चूल बाहेर पडवीत न्या.

पडलेलं झाड विजेच्या तारेवर असेल तर फांदीलासुद्धा हात नाही, वीज कंपनी आणि महापालिका येऊन तार बंद करू देत, लाकूड नंतरपण मिळेल.

आणि बंबाचं: राखेत पाणी टपकतंय किंवा राख सारखी भिजलेली दिसतेय, म्हणजे लाकूड ओलं नाही, नळ्याला भोक पडलंय. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही आणि ते लाकूड बदलत राहतात. ओळखायला बंब न पेटवता पाण्याने भरा, जाळीखाली कोरडा कागद ठेवा, आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी कागद ओला असेल तर एमसील वगैरे लावू नका, विस्तवापुढे ते टिकत नाही, तांबटाकडे न्या, तो डाग देऊन भोक बुजवून देईल. नेताना पाणी पूर्ण काढा, जाळी वेगळी करा, आणि नळ्याच्या आतली काजळी आधीच घासून घ्या म्हणजे त्याला भोक लगेच सापडेल.